चुंबळींची बारी

रांगेत उभं राहायचा मला मनापासून तिटकारा आहे. हयातीचा दाखला असो नाहीतर गॅसचं पुस्तक, रांग दिसली की माझं डोकं तापतं आणि हात आपोआप खिशातल्या रुमालाकडं जातो. रुमाल जमिनीवर ठेवावा, म्हणावं ही माझी बारी, आणि खुशाल सावलीत जाऊन बसावं. पण नांदेडात असं केलं तर लोक रुमाल उचलून तरी नेतील, नाहीतर त्याला पाय तरी पुसतील. मग मी तो परत खिशात कोंबतो आणि धुरपतामायची आठवण काढत उभा राहतो.

मी मूळचा हदगावकडचा. ग्रामसेवक म्हणून नेमणूक झाली ती थेट अहमदपूर तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला, एका लहानशा गावात. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि मला अजून त्यांच्याकडं जेवायला जायचं असतं. लातूर जिल्हा तेव्हा नुकता झाला होता. काल-परवापर्यंत उस्मानाबादेत असलेलं गाव आता लातुरात आलं, एवढंच गावाला ठाऊक. एस.टी. तीच, तलाठी तोच, धूळ तीच. फरक पडला तो मला. शिक्का जुन्या जिल्ह्याचा, कागद नव्या जिल्ह्याला, आणि मागच्या फायली दोन्हींच्या मधे कुठंतरी गठ्ठ्यांत बांधून पडलेल्या. काही मागायला जावं तर इकडचे म्हणत तिकडं विचारा, तिकडचे म्हणत आता तुम्ही आमचे नाही.

त्यात दोन पावसाळे कोरडे गेले. संक्रांत झाली आणि गावविहिरीचा तळ दिसला, होळीच्या आधी तळाला भेगा पडल्या. गावात पाणी उरलं ते एकाच जागी. बौद्ध वस्तीत, विहाराच्या मागं एक विहीर होती, तिला. तिला सगळे मंडळाची विहीर म्हणत. मंडळ म्हणजे विहारातलं बायकांचं मंडळ. त्याला ना पाटी ना कार्यालय. अध्यक्ष कोण म्हणून विचारलं तर बायका एकमेकींकडं बघून हसायच्या आणि मग सगळ्या मिळून धुरपतामायकडं बोट दाखवायच्या.

मी विहीर बघायला गेलो तेव्हा ती विहाराच्या पायरीवर बसून मिश्री लावत होती. उंच, हाडापेरानं मोठी, नाकाच्या शेंड्यावर जुनी भाजल्याची खूण. बसा भाऊसाहेब, म्हणाली, सुनेला चहा टाकायला सांगितला, आणि कप माझ्या हातात देऊन समोर उकिडवी बसली. मी घोट घेतला तशी माझ्या तोंडाकडं टक लावून बघत विचारलं, पानी कसं हाय. मी नवखा, खरं बोलायची खोड. म्हणालो, जरा मचूळ लागतंय. तिनं माझ्या हातातला अर्धा कप काढून घेतला, उरलेला चहा सरळ लिंबाच्या बुडाला ओतला, आणि म्हणाली, "मचूळ असंल तर ऱ्हाऊ द्या." पुढं पाच वर्षं मी त्या गावात होतो. ते पाणी मला कायम गोडच लागलं.

आता चुंबळीचं सांगतो, कारण धुरपतामाय समजायची तर चुंबळ समजायला पाहिजे. डोक्यावर घागर घ्यायची तर खाली कापडाचं गोल वेटोळं लागतं, ती चुंबळ. घरातलं फाटलेलं लुगडं, त्याची पट्टी, पिळून गोल बांधलेली. जिचं लुगडं तिची चुंबळ, त्यामुळं दोघींच्या सहसा एकसारख्या नसायच्या. विहिरीला पाणी झऱ्यानं थोडं थोडं यायचं, आणि बायकांना तर सकाळीच रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचं असायचं. दिवसभर घागर धरून बसणार कोण? म्हणून धुरपतामायनं रीत घालून दिली होती. पहाटे यायचं, आपली चुंबळ विहिरीच्या कट्ट्यावर ओळीत ठेवायची आणि कामाला निघून जायचं. चुंबळ तुमच्या वतीनं उभी. पाणी साचेल तशी ओळ पुढं सरकायची, आणि तुमच्या चुंबळीची बारी आली की धुरपतामाय निरोप धाडायची किंवा तुमचा हंडा भरून कडंला ठेवायची.

अक्षर ओळखीचं नाही, पण प्रत्येक चुंबळ कुणाची, तिच्या घरी माणसं किती, लेकुरवाळी कोण, आजारी कोण, सगळं तिला तोंडपाठ. बाळंतिणीच्या आणि अंथरुणाला खिळलेल्याच्या घरच्या चुंबळीला ओळ नव्हती, ती आली की सरळ पुढं. बाकी कुणाचीही इकडची तिकडं व्हायची नाही. एकदा सासू-सुनेच्या चुंबळी एकाच लुगड्याच्या निघाल्या. दोघी वेगळ्या राहत होत्या आणि दोघींचं भांडण जुंपलं की पुढची माझी. मी हजर होतो, मला वाटलं आता पंचनामाच करावा लागणार. धुरपतामायनं दोन्ही उचलून हुंगल्या. एकीला खोबरेलाचा वास, दुसरीला नुसता धुराचा. "खोबऱ्याची सुनंची. म्हातारीला कोन तेल लावून ऱ्हायलंय?" म्हणत तिनं जिची तिला दिली. सासू तणतणत गेली, पण दुसऱ्या दिवशी सुनेनं तिच्या डोक्याला तेल लावून दिलेलं सगळ्यांनी पाहिलं.

बारी हा शब्द तिच्या तोंडात सारखा. एस.टी. उशिरा आली तर तिची बारी न्हाई आली अजून. पोरीचं लग्न जमत नसेल तर बारी येईल की. मी एकदा तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं. तो तिच्याहून लहान होता म्हणे दोन-तीन वर्षांनी, आणि तापानं गेला. ती ओळीतल्या चुंबळी सारख्या करत होती. हात थांबला नाही. "माझी बारी असताना मधीच घुसला," म्हणाली. "त्याला कवा दम नव्हताच." मी हसलो आणि लगेच मला लाज वाटली. ती मात्र पुढची चुंबळ सारखी करायला वाकली.

ती विहीर कशी झाली हे मला तुकड्यातुकड्यानं कळलं. बहात्तरच्या दुष्काळात या वस्तीच्या बायकांना गावविहिरीवर चढायची मुभा नव्हती. लांब घागरी मांडून बसायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. दया रोज येत नसे. तेव्हा धुरपतामाय तरणी होती. एका संध्याकाळी खडी फोडून परत येताना ती विहाराच्या मागं थांबली आणि म्हणाली, घरी जायच्या आधी एकेक टोपलं माती काढू. बायकांना वाटलं उन्हानं डोकं फिरलं. पण एकीनं काढलं, मग दुसरीनं. दिवसभर सरकारची खडी आणि दिवस मावळताना आपलं टोपलं. आठ-पंधरा दिवस गडी माणसांनी चेष्टा केली, मग लाजून तेही उतरले. पाणी लागलं तेव्हा जे उरलं ते मंडळ. "मंडळ म्हंजे काय," ती सांगायची, "टोपलं उचलायला दुसरी बाई लागती ना, त्ये." सरकारी मदत नाही, कर्ज नाही, म्हणून कुठल्याही कागदावर त्या विहिरीची नोंदही नाही. तालुक्याच्या हिशोबी त्या जागी पडीक जमीन होती.

आणि आता त्याच विहिरीकडं सगळं गाव बघत होतं. पहिल्यांदा पाटलांच्या वाड्याकडून बैलगाडी आली, वर लोखंडी टाकी बांधलेली, सोबत सालगडी. धुरपतामायनं गाडी कट्ट्यापासून लांबच थांबवली. ती रागावली नव्हती. तिनं शांतपणे सांगितलं की गाडीला बारी नसते, बाईला असते. ज्यांना पाणी पाहिजे त्यांच्या घरच्या बाईनं यावं, चुंबळ ठेवावी, सगळ्यांसारखं घ्यावं. पाणी कुणाला नाही म्हणायचं नाही, पण कुणी लांबून ओतणार नाही आणि कुणी लांबून घेणार नाही. पोहरा एकच, दोर एक, तो हातातून हातात जाईल. सालगड्यानं गाडी वळवली.

दोन दिवस कुणी आलं नाही. मी गावात फिरत होतो, घराघरांतून कुजबूज कानावर येत होती, आणि मला खरंच भीती वाटत होती की हे भलतीकडं जाणार. एकीकडं तहान आणि एकीकडं मान, या दोन्हींत गाव काय निवडेल याचा भरवसा मला नव्हता. वस्तीतलेही काही जण धुरपतामायला म्हणत होते की बहात्तर विसरलीस का, येऊ देऊ नको. तिनं त्यांना एवढंच विचारलं की बहात्तर आठवतं म्हणूनच तर तसं करायचं नाही, हे तुम्हाला कळत नाही का.

तिसऱ्या दिवशी ऐन उन्हात काशीबाई आली. काशीबाई म्हणजे पाटलाच्या घरची थोरली सून, चाळिशीची, डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढलेला. काखेत घागर, हातात हिरव्या काठाची चुंबळ. कट्ट्यावर ओळ लागलेली होती. तिनं चुंबळ ठेवली, पण ओळीत नाही, ओळीपासून हातभर लांब. बायकांचं बोलणं एकदम बंद झालं. मी लिंबाखाली उभा होतो.

धुरपतामाय उठली. मला वाटलं आता ती चुंबळ उचलून ओळीत आणून टाकणार, आणि मग काय व्हायचं ते होणार. तिनं त्या चुंबळीला हात लावला नाही. ती ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि एकेक चुंबळ उचलून हातभर काशीबाईच्या बाजूला सरकवायला लागली. पहिली, दुसरी, तिसरी. सगळी ओळ. तिचं बघून इतर बायकाही वाकल्या. होता होता ओळ सरकत सरकत काशीबाईच्या चुंबळीला येऊन भिडली.

"तिनं ठिवलीय तिथंच बराबर हाय," धुरपतामाय म्हणाली. "आपलीच ओळ वाकडी व्हती."

आधी एकजण फिसकन हसली, मग सगळ्या. काशीबाईच्या पदराखाली काय झालं मला दिसलं नाही. पण ती घरी गेली नाही, तिथंच बसली. तासाभरानं तिची बारी आली तेव्हा धुरपतामायच्या सुनेनं ओला पोहरा तिच्याकडं धरला आणि तिनं तो हातातून घेतला. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या, वरच्या आळीच्या बाराएक चुंबळी ओळीत होत्या. मी त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवलो, कितीतरी दिवसांनी.

पण ज्या विहिरीला एक वस्ती पुरत होती तिला आता अख्खं गाव लागलं. टँकर मागवल्याशिवाय इलाज नव्हता. मी दरखास्त तयार केली, आणि इथं माती खाल्ली. नमुन्यात एक रकाना होता, गावात पिण्याच्या पाण्याचा जिवंत स्रोत आहे काय. मी त्या बायकांच्या कौतुकानं इतका भरून गेलो होतो की टाकाच्या एका फटक्यात लिहिलं, होय, विहाराची विहीर, पाणी उत्तम. सुवाच्य अक्षरात, खाली सही, वर शिक्का. पंधरा दिवसांनी कागद परत आला. गावात जिवंत स्रोत उपलब्ध असल्याने टँकरची मागणी नामंजूर.

तो कागद मी तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. विहिरीची पातळी रोज कमी होत होती, दोराला गाठी मारून लांब करावा लागत होता. माझ्या एका शब्दानं सगळं गाव तहानेनं मरणार, असं मला वाटायला लागलं. शेवटी राहवलं नाही. जाऊन धुरपतामायपुढं कागद ठेवला आणि सगळं कबूल केलं. म्हणालो, तुम्ही शिव्या द्या, पण उपाय सोपा आहे, मी दुसरी दरखास्त लिहितो, विहीर आटली म्हणून. येऊन कोण बघणार आहे.

तिनं कागद हातात घेतला, उलटासुलटा केला. वाचता येत नव्हतं, पण तिनं विचारलं, विहिरीचं नाव कुठं आहे यात. मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या अक्षरांवरनं अंगठा फिरवला.

"पयल्यांदा कागदावर आली बगा ती," म्हणाली. "आन तुमी तिला मेली म्हनून लिहिताव?"

मी म्हणालो, माय, नाहीतर पाणी मिळत नाही. ती म्हणाली की खरंच लिहा, पण सगळं लिहा. विहीर जिवंत आहे हे लिहिलं, तिच्यावर किती बाया आहेत ते कुठं लिहिलं? तिला नमुना, रकाना काही कळत नव्हतं, पण माझी चूक तिनं बरोबर पकडली होती. मी विहीर मोजली होती, चुंबळी मोजल्या नव्हत्या.

मंडळाच्या बायका घरोघर गेल्या आणि सगळ्या गावाच्या चुंबळी गोळा केल्या. त्या दिवशी गावातल्या बायकांनी पदराची घडी डोक्यावर घेऊन घागरी वाहिल्या, कुणाची मान अवघडली तर कुणाचा हंडा सांडला. दोन गाठोडी झाली. धुरपतामाय, मंडळाच्या पाच-सहा जणी आणि मी, सकाळच्या एस.टी.नं लातूरला निघालो. सुटायच्या वेळी काशीबाई येऊन चढली. घरी विचारलंय का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, सांगितलंय.

नवा जिल्हा, नवी कचेरी, तीही भाड्याच्या इमारतीत. फायलींचे गठ्ठे जिन्यापर्यंत आलेले, खुर्च्या कमी, माणसं जास्त. साहेब मीटिंगमध्ये आहेत, थांबा, असं सांगण्यात आलं. हे ऐकून मी हातपाय गाळून बसायच्या बेतात होतो. धुरपतामायनं मात्र गाठोडं सोडलं आणि साहेबांच्या दारापासून व्हरांड्यात चुंबळी मांडायला घेतल्या. एक, तिच्या मागं एक. व्हरांडा संपला, ओळ पायऱ्यांवरनं उतरली, अंगणात गेली, लिंबाला वळसा घालून फाटकाशी पोचली. मग त्या सगळ्या जणी सावलीत जाऊन बसल्या आणि भाकरी सोडली.

एक कारकून तणतणत आला, हा कचरा कुणाचा म्हणून. चुंबळ पायानं सारायला त्यानं पाय उचलला, तेवढ्यात दारावरच्या शिपायानं त्याचा दंड धरला. शिपाई म्हातारा होता, निलंग्याकडचा असावा, बोलण्यात कानडी हेल होता. त्यानं सांगितलं की ही बारी आहे, बारी मोडायची नसते, आमच्या आईची पण अशीच होती. कारकून बावचळला. मग गंमत अशी झाली की दारापुढंच ओळ असल्यामुळं आत-बाहेर करणारा प्रत्येक जण भिंतीला घासून, अंग चोरून जायला लागला. नवी कचेरी असली तरी माणसं खेड्यापाड्यातलीच, चुंबळ ओलांडायचा धीर कुणाला होईना. तासाभरात साहेबांकडं निघालेला चहा दोनदा भिंतीला घासून सांडला, तेव्हा साहेब स्वतः बाहेर आले.

तरुण माणूस, चष्मा, घामानं सदरा चिकटलेला. हे काय म्हणून विचारलं. मी पुढं होऊन माझी चूक सांगायला तोंड उघडलं, पण धुरपतामायनं मला हातानं मागं सारलं. म्हणाली, ह्या आमच्या गावच्या बाया हायत साहेब, एका विहिरीला लागलेल्या. समद्या येऊ शकत न्हाईत, म्हनून त्यांची बारी आनली. साहेबांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी वाकून मधलीच एक चुंबळ उचलली आणि विचारलं, ही कुणाची. धुरपतामायनं नाव सांगितलं, घरात माणसं किती ते सांगितलं, पोरगी बाळंत व्हायला आलीय हेही सांगितलं. त्यांनी पुढं जाऊन दुसरी उचलली, मग पायरीवरची तिसरी. तिसरी हिरव्या काठाची होती. धुरपतामाय बोलायच्या आत काशीबाई पुढं झाली, पदर जरासा वर केला आणि म्हणाली, ही माझी. साहेब दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिले. आडनावं त्यांनी विचारली नाहीत, पण त्यांना कळलं असावं.

"पण विहीर जिवंत आहे असं तुमच्याच ग्रामसेवकांनी लिहिलंय," ते म्हणाले. "ते खरं की खोटं?"

धुरपतामाय म्हणाली, "जिती हाय साहेब. जिती हाय म्हनूनच मदत मागायला आलाव. मेल्यावर कोन येतं मागायला?"

साहेबांनी हातातली चुंबळ होती तिथंच परत ठेवली, नीट, ओळीत, आणि मला आत बोलावलं. कोऱ्या कागदावर बसल्याजागी नवी दरखास्त लिहून घेतली. जिवंत स्रोत, एक. त्यावर अवलंबून, सगळं गाव. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ घातली, की टँकरचं पाणी सदर जिवंत विहिरीत सोडण्यात यावं. त्या ओळीची किंमत मला बाहेर आल्यावर कळली. टँकर कुठं रिकामा करायचा यावरनं गावात उद्या भांडण पेटलं असतं, ते त्या ओळीनं संपवलं होतं. मी ती वाचून दाखवली. बायकांनी चुंबळी गोळा केल्या आणि मी, सरकारी नोकर, लातूरच्या कचेरीच्या अंगणात सगळ्यांसमोर रडलो. काशीबाईनं मला ओंजळीत पाणी दिलं.

चौथ्या दिवशी टँकर आला. नळी विहिरीत सोडली आणि पाणी पडायला लागलं तेव्हा त्याच्या आवाजानं अख्खं गाव कट्ट्याभोवती जमलं. सगळे नुसतं ऐकत होते. मोठ्या माणसांच्या तोंडावर सुटकेचं हसू कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं. धुरपतामाय तेवढी वैतागली होती. टँकरचं पाणी खारट आहे, आमच्या गोड पाण्यात मिसळून बिघडवलं, म्हणत होती. ड्रायव्हर मेहनत करून आला होता बिचारा, त्यानं आधीच भरून ठेवलेल्या हंड्यातलं जरा चाखून बघितलं आणि म्हणाला, मावशी, तुमचं पण मचूळच हाय की. मी त्याला खुणेनं गप्प बसवलं. त्याला चहा मिळाला नाही.

पावसानं त्या वर्षी उशीर केला, पण तो आला. त्याआधीच मंडळानं विहिरीचा गाळ काढायचं ठरवलं होतं. या खेपेला टोपलं उचलायला वरच्या आळीच्या बायकाही होत्या. गाळाचा ढीग वाढला तसा तो हलवायचा प्रश्न आला. तर पाटलांच्या वाड्याकडून तीच बैलगाडी आली, टाकी काढून ठेवलेली, आणि काशीबाई बैलांच्या पुढं चालत. गाडी पहिल्या वेळेला जिथं थांबवली होती तिथंच येऊन थांबली. धुरपतामायनं कंबरेवर हात ठेवून तिच्याकडं पाहिलं. "आता आली गाडीची बारी," म्हणाली, आणि बायकांनी गाडीत गाळ टाकायला सुरुवात केली. तो गाळ पुढं वस्तीच्या आणि पाटलांच्या, दोन्हींच्या रानात गेला. मंडळात त्या वर्षापासून वरच्या आळीच्या तिघी-चौघी बसायला लागल्या. बैठक विहारातच. काशीबाई पहिल्यांदा पायरीवर बसली, मग दारात, मग आत.

पुढं माझी बदली बिलोलीला झाली. निघताना धुरपतामायनं मला एक जुन्या लुगड्याची पट्टी दिली, रुमाल म्हणून. मी म्हणालो, मला घागर कुठं वाहायचीय. ती म्हणाली, असू द्या, बारी कुठंबी लागती.

आता शेवटचं. दोन-तीन वर्षांपूर्वी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला गेलो होतो. अहमदपूरच्या त्या भागातल्या लोकांना लातूरपेक्षा नांदेडच जवळ पडतं, हे मला ठाऊक होतं, पण मनात काही नव्हतं. डोळ्यांच्या ओपीडीपुढं हीऽ गर्दी, बाकडी भरलेली, आणि माझं डोकं नेहमीसारखं तापलेलं. एका बाकड्यावर मधेच दोन जागा रिकाम्या दिसल्या म्हणून मी घाईनं पुढं झालो. जागा रिकाम्या नव्हत्या. तिथं एकाला एक चिकटून दोन चुंबळी ठेवलेल्या होत्या. एक कुणाच्या लुगड्याची होती ते ओळखता आलं नाही. दुसरीला विटका हिरवा काठ होता.

गार्ड आला, ही चिंधकं कुणाची म्हणत हात पुढं केला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, राहू दे बाबा, बारी आहे. त्यानं माझ्याकडं मी येडा असल्यासारखं पाहिलं आणि निघून गेला. मी खिशातनं रुमाल काढला, दुसऱ्या चुंबळीच्या मागं ठेवला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

थोड्या वेळानं त्या आल्या, चहा पिऊन, एकमेकींचा हात धरून. काशीबाईचे केस पांढरे झाले होते. धुरपतामाय वाकली होती, डोळ्यांत दाट मोतीबिंदू. तिला मी दिसणं शक्यच नव्हतं. ती बाकड्याशी आली आणि नेहमीच्या सवयीनं आधी ओळ चाचपली. पहिली तिची. दुसरी काशीबाईची. तिसऱ्या कापडावर हात थांबला. तिनं ते चिमटीत धरून चोळलं, नाकाला लावलं, परत चोळलं. आपल्याच लुगड्याचा पोत तिच्या बोटांना लागला असावा.

"भाऊसाहेब," ती माझ्या दिशेनं नव्हे, भलत्याच बाजूला बघत म्हणाली, "पानी कसं हाय हितलं?"

"मचूळ आहे, माय," मी म्हणालो.

ती हसली. माझा रुमाल तिनं पुन्हा ठेवला, पण सुटा नाही. स्वतःची आणि काशीबाईची चुंबळ एकेक बोट सरकवून तो बरोबर त्यांना चिकटवला, आणि म्हणाली, बसा मंग आमच्या मागं, बारी येतीय.